कमी धक्क्याचे पिस्तूल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवारचा मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या ओसरीत छत्र्या उघडीत होती. आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी मात्र मागे थांबल्या. त्या शिक्षिका आहेत. पती वारले त्याला चार वर्षे झाली. दोन मुली आणि सासूबाई यांच्यासह त्या यवतमाळ शहराच्या कडेला एका नव्या ले-आउटमध्ये राहतात. तिथले निम्मे प्लॉट अजून रिकामे आहेत आणि रस्त्यावरचे दिवे कधी लागतात, कधी लागत नाहीत. त्याच आठवड्यात दोन घरे सोडून पलीकडे रात्री चोर शिरले होते. घरातील म्हाताऱ्या बाईंना खोलीत कोंडून त्यांनी दागिने नेले.

त्या म्हणाल्या, "पत्रिकेत तुम्ही सगळ्या विषयांवर लिहिता. मग मला एवढं सांगा, बाईमाणसाला झेपेल, ज्याचा धक्का कमी बसेल असं पिस्तूल कोणतं? भाऊ म्हणतो, लायसन काढू. मी जन्मात कधी बंदूक हातात धरलेली नाही."

आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे. चर्चच्या ओसरीत पिस्तुलाची चौकशी! पण त्या हसत नव्हत्या. "रात्री दोन वाजता कडी वाजल्यासारखी होते. मग मी जपमाळ हातात घेते. आणि विळा उशाशी ठेवलेलाच असतो," त्या म्हणाल्या. आमचे हसू तिथेच विरले. ही पत्रिका काढणारे आम्ही तिघे. आमच्यापैकी कोणालाच पिस्तुलातले काही कळत नाही. 'पुढच्या रविवारी सांगतो' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

उत्तर द्यायचे तर नीट द्यावे, म्हणून आम्ही सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांकडे गेलो. भगिनींनाही तिथे बोलावले. काकांनी प्रश्न ऐकून घेतला, आत गेले आणि साखरेची अर्ध्या किलोची पुडी आणून त्यांच्या हातात दिली. "हे वजन धर. असंच एक रिव्हॉल्व्हर सरकारनं बायांसाठी म्हणून काढलं होतं."

काका म्हणत होते ते खरे आहे. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये त्या तरुण मुलीवर अत्याचार झाला, सारा देश हादरला, आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन ५०० ग्रॅम, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, किंमत १,२२,३६० रुपये. ते मरून रंगाच्या दागिन्याच्या डबीत घालून मिळत असे. एका शिक्षिकेचे कित्येक महिन्यांचे पगार त्या डबीत जातील, हा भाग निराळा. पण डबी दागिन्याची असावी, हे आम्हाला त्या वेळी खटकले होते आणि अजूनही खटकते. स्त्रीची भीती कमी करण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांनीच तिला ती भीती मखमलीत गुंडाळून विकत द्यावी, तसे ते वाटले.

"पण पोरी," काका म्हणाले, "तू हलकं पाहिजे म्हणतं आणि धक्काही कमी पाहिजे म्हणतं. या दोन गोष्टी एका जागी भेटत नाहीत." गोळी ज्या जोराने पुढे जाते त्याच जोराने हत्यार मागे येते. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर ते दुप्पट वेगाने मागे येईल. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भगिनींना हे लगेच पटले. न्यूटनचा तिसरा नियम त्या दरवर्षी शिकवतात. पर्समध्ये सहज मावणारे हलके हत्यार नवशिक्याच्या हाताला जड पडते ते असे. धक्का कमी हवा तर काडतूस लहान हवे, हत्याराला थोडे वजन हवे आणि मूठ पूर्ण पंजात बसायला हवी. कानपूरच्याच कारखान्याने २०२३ मध्ये 'प्रबल' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. तेही .३२ बोअरचे, पण वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. काकांच्या मते नवीन हाताला असे वजन बरे. पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर सोपे, कारण वरचा भाग मागे ओढून काडतूस चढवावे लागत नाही. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढायचा, एवढेच. मात्र तो चाप कडक असतो. .२२ बोअरचा धक्का याहूनही कमी. पण ती काडतुसे उडण्याची खात्री तेवढी नसते आणि अंगावर येणाऱ्याला ती थांबवतीलच असेही नाही.

भगिनींच्या चुलतभावाने अमेरिकेहून ९ मि.मी. पिस्तुलांची नावे लिहून पाठवली होती. ती यादी काकांनी घडी करून परत दिली. आपल्याकडे ते बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही आणि परदेशी पिस्तूल आणणेही जवळजवळ बंद आहे. निवड फार थोड्यातून करायची आहे.

म्हणजे प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले होते. .३२ बोअरचे, फार हलके नसलेले, हाताच्या मापाचे रिव्हॉल्व्हर. चहा पिऊन उठायला हरकत नव्हती. पण काका पुढे म्हणाले, "धक्का हाताला बसतो त्याहून आधी मनाला बसतो." नवशिका माणूस आवाजाच्या आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याच्या आधीच मनगट खाली झुकवतो. मग पहिल्या दिवशी सगळ्यांच्या गोळ्या खाली जातात. ही खोड मोडायला रिकाम्या हत्यारावर कितीतरी दिवस नुसता चाप ओढण्याचा सराव करावा लागतो आणि मग खरी काडतुसे उडवावी लागतात. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, ती महागही असतात. लोक हत्यार घेतात, पाच-दहा बार काढतात आणि ते कपाटात ठेवून देतात. दहा वर्षांनी अंधारात, झोपेतून उठून, थरथरत्या हाताने ते काढायचे असते.

हे ऐकताना आम्हाला गेथशेमाने बागेतला पेत्र आठवला. त्या रात्री शिष्यांजवळ दोन तलवारी होत्या असे लूक सांगतो. पेत्र हा कोळी माणूस, जाळे ओढण्यात हात तयार, तलवारीचा सराव नाही. योहानाने लिहून ठेवले आहे की त्याने वार केला तो मल्ख नावाच्या दासाच्या उजव्या कानावर. कान कापण्यासाठी कोणी तलवार उपसत नाही. नेम दुसरीकडे असणार आणि तो चुकला. शिवाय मल्ख हा त्या जमावातला सर्वांत दुबळा माणूस, हुकमाचा ताबेदार. घाबरलेल्या नवशिक्याचे हत्यार कोणाला लागेल याचा भरवसा नसतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितले आणि त्या दासाचा कान बरा केला.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, झाले तर मग, ख्रिस्ती माणसाने हत्यार घ्यायचेच नाही. ख्रिस्तसभेची शिकवण इतकी सोपी नाही आणि भगिनींना असे सोपे उत्तर देणे आम्हाला बरोबर वाटले नाही. संत अ‍ॅम्ब्रोज आणि संत अगस्तीन यांचे मत कडक होते. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेणे अगस्तीनला मान्य नव्हते. सैनिक किंवा राज्याचा अधिकारी कर्तव्य म्हणून करतो ते वेगळे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू उलगडली. एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, ते म्हणतात. आपला जीव वाचतो आणि हल्लेखोर मरतो. हेतू पहिल्या परिणामाचा असेल तर बचाव करणे पाप नाही. मात्र अट अशी की, बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे, त्याहून जास्त वापरले की ते अन्याय्य ठरते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात हीच भूमिका आहे. त्यात एक पाऊल पुढे जाऊन असेही म्हटले आहे की, ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी बचाव हा नुसता हक्क राहत नाही, ते गंभीर कर्तव्य होऊ शकते. व्हॅटिकनच्या स्विस गार्डच्या हातातला भाला शोभेचा वाटतो, पण त्या शिपायांना पिस्तूल चालवण्याचेही शिक्षण असते.

धन्य सिस्टर राणी मारिया यांचे स्मरण आपण करतो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात उदयनगरजवळ बसमधून ओढून त्यांना भोसकण्यात आले. त्यांच्या हातात काही नव्हते. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केले गेले. अशा साक्षीपुढे आपण मान लववतो. पण हुतात्मा होणे ही ज्याने त्याने स्वतःच्या जिवाची द्यावयाची देणगी आहे. आईने आपल्या मुलींचा जीव देणगी म्हणून द्यावा असे ख्रिस्तसभेने कधी सांगितलेले नाही. तेव्हा पिस्तुलाची चौकशी करणाऱ्या भगिनींची श्रद्धा कमी पडली, असे कोणी कुजबुजू नये. दोन-तीन जण कुजबुजले, म्हणून हे लिहितो आहोत.

अक्वायनस यांच्या 'लागेल तेवढेच बळ' या अटीकडे आम्ही पुन्हा वळतो, कारण धक्क्याचा प्रश्न तिथेच येऊन भिडतो. जे हत्यार आपल्या हातात स्थिर राहत नाही, त्याच्या बळाला मर्यादा कशी घालणार? पहिली गोळी भिंतीत, दुसरी शेजारच्या खोलीत, तिसरी कोणाला लागेल ते ठाऊक नाही. म्हणून कमी धक्क्याचे, आपल्या ताब्यात राहणारे हत्यार मागणे ही केवळ सोयीची बाब नाही. बळ मोजूनमापून वापरायचे असेल तर ती पहिली गरज आहे. त्या रविवारी आम्ही ज्या प्रश्नाला हसलो तो धर्मशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य प्रश्न होता.

पण त्यातच एक फसगतही आहे. धक्का कमी म्हटले की मनाला वाटते, इजाही कमी. लहान बोअर, म्हणजे जणू लहान गोळी, लहान गुन्हा. भगिनीही म्हणाल्या, "मी काही जीव घेणार नाही. पायावर मारीन." काकांनी मान हलवली. अंधारात हलणाऱ्या माणसाच्या पायावर नेम धरणे सरावलेल्यालाही जमत नाही. आणि .३२ची गोळी पोटात लागली तर माणूस मरतो. हाताला धक्का कमी बसला म्हणून समोरच्याला कमी लागत नाही. ज्याला कोणालाही मारायचे नाही त्याने कोणावर पिस्तूल रोखू नये, कारण समोरचा ते हिसकावून घेईल. काकांनी हे इतक्या शांतपणे सांगितले की खोलीत कोणी बोलेना.

मग आम्हीच विचारले, "ताई, चाप ओढाल का?"

त्या बराच वेळ पुडीतली साखर चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "मुलींच्या खोलीच्या दारात कोणी उभा असेल, तर ओढीन. कपाटातलं सोनं न्यायला आला असेल, तर नाही. नेऊ देईन."

धर्मशिक्षणाचे वर्ग घेऊनही आम्हाला इतके नेमके कधी सांगता आले नव्हते. पण पुढची अडचण अशी की, दारात उभा असलेला माणूस कशासाठी आला आहे हे रात्री दोन वाजता कळणार कसे? हा प्रश्न फार जुना आहे. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे: रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही, सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे. दिवसा तोंड दिसते, हात दिसतात, हाक मारून लोक जमवता येतात. रात्री यातले काही होत नाही. मौजेची गोष्ट म्हणजे १८६० च्या भारतीय दंड संहितेनेही रात्रीची घरफोडी अशीच वेगळी काढली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमे ३४ ते ४४ अशी आहेत आणि सूर्यास्त ते सूर्योदय हा भेद तिथेही कायम आहे. पण कायदा दोन गोष्टी बजावतो. पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला जरूर त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कधीच नाही. अंधार कायद्याला समजतो, म्हणून अंधारात काय घडले याची चौकशी होत नाही असे नाही.

आपल्याच जिल्ह्यात याची आठवण ताजी आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले ती टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ गोळीने मारली गेली. ती अंगावर आली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे सांगण्यात आले. गोळी झाडणारा नवशिका नव्हता, बंदुकीत मुरलेला होता. तरी शवविच्छेदनानंतर प्रश्न उठले की ती खरोखर चाल करून येत होती का. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नियम पाळले गेले नाहीत असा ठपका ठेवला. त्या गावांतील लोकांनी किती महिने भीतीत काढले हे आम्ही जाणतो आणि तिथे कोणी सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर त्याला दोष देत नाही. मुद्दा एवढाच की, रात्रीच्या एका क्षणाबद्दल, जनावराच्या बाबतीतही, इतके प्रश्न विचारले गेले. माणसाच्या बाबतीत कितीतरी अधिक विचारले जातील. आणि न्यायालयाआधी ते आपणच आपल्याला विचारू.

दूरचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे न्हाणीघराच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असे वाटले, असे त्याचे म्हणणे. आत त्याची मैत्रीण होती, ती मेली. डिसेंबर २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी धरले. दाराआड जो कोणी होता तो या गोळ्यांनी मरू शकेल हे त्याला कळलेच असणार, असा त्या निकालाचा आशय. दाराआड चोर असता तरी प्रश्न तोच राहिला असता, हे त्यात विशेष.

आता घरातली गोष्ट. १९८६ मध्ये अमेरिकेतील सिएटल परिसराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७८ ते १९८३ या सहा वर्षांत ज्या घरात बंदूक होती त्याच घरात तिने झालेले ३९८ मृत्यू त्यात तपासले होते. घरात शिरू पाहणारा मारला गेला असे त्यांत फक्त २ होते, स्वसंरक्षणात मारले गेलेले आणखी ७. आत्महत्या ३३३. या अभ्यासावर पुष्कळ वाद झाले. नुसते हत्यार दाखवून चोर पळाला असेल तर तो यात मोजला गेलेला नाही, हा आक्षेप आम्हालाही रास्त वाटतो. अमेरिका म्हणजे यवतमाळ नव्हे, हेही खरे. पण तो ३३३ चा आकडा या जिल्ह्यात बसून वाचताना डोळ्यांपुढून हलत नाही. कापूस बुडाल्यावर, कर्ज डोक्यावर आल्यावर आपल्या ओळखीच्या किती घरांत काय घडले ते इथे सांगायला नको. निराशेची लाट येते आणि पुष्कळदा ओसरतेही. हाताशी पिस्तूल असेल तर ओसरण्याला वेळच मिळत नाही. आम्ही हे जरा चाचरतच बोललो. भगिनी म्हणाल्या, "हे गेले त्या पहिल्या वर्षी घरात असं काही नव्हतं, ते बरंच झालं." आम्ही त्यावर काही विचारले नाही. त्या संध्याकाळी काकूंनी त्यांना जेवायला ठेवून घेतले.

मुलींपासून लांब ठेवायचे तर कुलपात ठेवावे लागते. कुलपात ठेवले तर ऐनवेळी किल्ली सापडत नाही. भरून उशाशी ठेवले तर धाकटी नऊ वर्षांची आहे. हा पेच कोणत्याही बोअरने सुटत नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात, कारण अनेकांनी विचारले. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे हक्क नाही, ती परवानगी आहे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, वय २१ पूर्ण हवे. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आवश्यक केली. हा नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो. जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद याच कायद्यात वेगळी आहे. रानडुकरासाठी मिळालेली ती बंदूक गावातल्या भांडणासाठी नाही. आणि भगिनींना एका परिचिताने कानात सांगितले होते, की लायसनच्या भानगडीत कशाला पडता, गावठी कट्टा कमी पैशांत मिळतो. तो बाळगणे हा तुरुंगाचा गुन्हा आहे आणि तो कधी आपल्याच हातात फुटेल याचा नेम नाही. जे लपवावे लागते त्याच्या आधाराने घर सुरक्षित कसे होणार?

आमचे मत त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही दिले. घेऊ नका, असे आम्ही म्हणालो. घेतले तर पाप होईल म्हणून नव्हे. वर्षभर सराव, रोजचे कुलूप, दर रात्रीची ती तयारी हे सगळे एकट्या बाईने, शाळा आणि घर सांभाळून, करायचे आहे. ते जमले नाही तर ते हत्यार तिच्या मुलींनाच जास्त धोक्याचे. काकांचे मत थोडे वेगळे पडले. जी बाई कुठे गोळी झाडीन आणि कुठे झाडणार नाही हे इतके स्पष्ट सांगू शकते तिच्या हातात हत्यार द्यायला आपण भिणार नाही, असे ते म्हणाले. या मतभेदावर आम्ही अजून एकमेकांशी वाद घालतो आहोत.

वाद घालता घालता एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली आणि ती लिहायला संकोच वाटतो. चोरी झाली त्या रात्री भगिनींनी आपल्या लघु ख्रिस्ती समूहातील तिघांना फोन केले होते. एकाचा बंद होता. एकाने सकाळी पाहिला. एकाने उचलला आणि दार नीट लावून घ्या, असे सांगितले. तो उचलणारा आमच्यापैकीच होता. ११२ क्रमांकावर फोन करा असेही त्याला सुचले नाही. चार वर्षे ही बाई रात्री एकटी जागते आहे आणि दर रविवारी आपण तिला शांतीचा हात देतो आहोत. पिस्तुलाचा प्रश्न ती आपल्याकडे घेऊन आली तेव्हा बाकीचे सगळे दरवाजे तिने ठोठावून झाले होते.

आता त्यांच्या दाराला लोखंडी जाळी बसली आहे. तिचे निम्मे पैसे समूहाने दिले. रात्री आठवड्यातून चार दिवस ले-आउटमधील सर्वधर्मीय पुरुष मंडळी काठ्या घेऊन फेरी मारतात. आपल्यातले दोघे त्यात आहेत, आणखी दोघे हवे आहेत. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी तिसरा अर्ज दिला आहे. तीनपैकी एक दिवा लागला.

परवान्याचा अर्ज भरून झाला आहे, दिलेला नाही. काकांनी अट घातली आहे की आधी नागपूरला एखाद्या नेमबाजी प्रशिक्षण केंद्रात जाऊन खरे काडतूस उडवून पाहायचे, मग काय ते ठरवायचे. ते स्वतः सोबत जाणार आहेत. भगिनी तयार आहेत. मुलांच्या घटक चाचण्यांचे पेपर तपासून झाले की जाऊ, असे त्या म्हणाल्या.